नातेखिंडीतून पेणपर्यंत: ठेवीची आणि विश्वासाची वाट

महाडला मुंबई-गोवा महामार्ग सोडून रायगडाकडे वळलं की नातेखिंड लागते. गडावर निघालेल्या गाड्यांना पाचाड गाठायची घाई असते. पावसाळ्यात दोन्ही अंगांना भातखाचरं, पुढे डोंगरांची रांग आणि अधूनमधून ढगातून डोकावणारा गडाचा माथा. या रस्त्यावर नाते नावाचं गाव येतं आणि मागे पडतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मले, हे गाडीतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, रायगड आठवतो, सावित्रीचे पूर आठवतात. पोलादपूर म्हटलं की उमरठची तानाजी मालुसऱ्यांची समाधी आणि आंबेनळी घाट. या टापूची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. माणसानं आपला पैसा दुसऱ्याच्या हाती कशाच्या भरवशावर द्यावा, या प्रश्नाचा मोठा इतिहास इथल्या मातीशी जोडलेला आहे. आणि तो भरवसा तुटला की गावाचं काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात, महामार्गानं शंभरेक किलोमीटर वर असलेल्या पेणनं भोगलं आहे.

गडावरची पेठ, घाटातलं गाव

रायगडावर होळीच्या माळाजवळ बाजारपेठ म्हणून ओळखले जाणारे अवशेष आहेत. समोरासमोर दोन रांगा, मधून रुंद रस्ता, माणसाच्या कमरेच्या वर जाणारी जोती. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर स्वराज्याचं स्वतःचं नाणं चालू झालं. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं ठसठशीत, धातू ओळखीचा. ज्याच्या हाती शिवराई पडे त्याला ती तळहातावर तोलता येई, दगडावर वाजवून बघता येई.

पासबुकातला आकडा असा वाजवून बघता येत नाही. तिथे विश्वासच ठेवावा लागतो, आणि महाड-पोलादपूरच्या माणसानं तो पिढ्यान्‌पिढ्या ठेवला. डोंगरउताराची शेती वर्षभर पुरत नाही, म्हणून घरातला एक तरी माणूस मुंबईला. गिरणीत, गोदीत, पुढे हॉटेलांत नि कारखान्यांत. गावची चूल मनीऑर्डरीवर पेटायची. पोस्टमन पारावर बसून पैसे मोजून द्यायचा आणि म्हातारी अंगठा उठवायची. मनीऑर्डरीच्या जागी पुढे बँकेचं खातं आलं, बँकेच्या शेजारी पतसंस्थेची पाटी आली.

पोलादपुरात एका शाखेत पाहिलेली गोष्ट. बाजाराचा दिवस, पंखा फिरतोय, पासबुक छापायच्या यंत्रापुढे रांग. एका आजींनी कमरेची पिशवी सोडली. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत आणखी एक, आणि तिच्या आत पासबुक. कडा झिजलेल्या, पण पानं कोरडी. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर या भागातल्या घराघरांत कागद असेच जपले जातात. कारकुनानं नोंदी छापून दिल्या. आजींना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘सगळं आहे ना, बाळा?’’ तो म्हणाला, ‘‘आहे, आजी.’’ पासबुक पुन्हा तीन पदरांत गेलं.

‘आहे, आजी’ या दोन शब्दांवर सगळी बँक उभी असते.

रांग कशी लागते

कारण ‘आहे’ याचा अर्थ पैसे तिजोरीत पडून आहेत असा होत नाही. आजींनी ठेवलेल्या रकमेतला थोडा भाग रोख राहतो, काही सरकारी रोख्यांत जातो आणि बराचसा कर्जाऊ दिला जातो: कुणाच्या दुकानाला, कुणाच्या घराला, कुणाच्या टेम्पोला. तो हप्त्याहप्त्यानं परत यायचा असतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर चोख चाललेली बँकसुद्धा सगळ्यांना पैसे देऊ शकत नाही. म्हणून बँकेच्या बाबतीत अफवा ही आगीसारखी असते. रांग बघून रांग वाढते.

अमेरिकेत १९०७ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्टपुढे अशीच रांग लागली आणि ते लोण देशभर पसरलं. छोट्या गावांतल्या बँकांनी दारं लावली, हातात रोकड नाही म्हणून व्यवहार अडले. मुंबईनं १९१३ मध्ये हे पाहिलं. स्वदेशीच्या उत्साहात निघालेली इंडियन स्पेसी बँक बुडाली, त्याच सुमारास लाहोरची पीपल्स बँकही, आणि पुढची काही वर्षं पेढ्या कोसळत राहिल्या. १९३८ मध्ये दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलोन बँक बुडाली. रिझर्व्ह बँक तेव्हा तीन वर्षांची होती, आणि बुडत्या बँकेला आवरायचे अधिकार तिच्या हातात पुरेसे नव्हते.

नात्याचा मुलगा

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, चिंतामणराव रिझर्व्ह बँकेत आले. रोह्यात शिकलेला मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला गेला, आयसीएसच्या परीक्षेतही पहिला आला. ऑगस्ट १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले. युद्ध, महागाई, फाळणी, दोन देशांत विभागलेलं चलन हे सगळं त्यांच्या कारकिर्दीत आलं. याच काळात त्यांनी मेघदूत मराठीत आणलं.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. परवान्याशिवाय बँक काढता येणार नाही, रिझर्व्ह बँक दप्तर तपासेल, गैर दिसलं तर आवरेल, असं कुंपण देशभरासाठी पहिल्यांदा उभं राहिलं. तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीत नात्याचा माणूस होता. हे या गावाचं मोठं भूषण आहे.

महाडच्या नावाशी जोडलेलं दुसरं थोर नावही इथे आठवलंच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या चार वर्षं आधी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता, आणि भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली होती. त्याच आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पाण्याचा हक्क असो वा पैशाचं मोल, दोन्हीकडे बाबासाहेबांची नजर शेवटच्या माणसावर होती.

कुंपण उभं राहिलं तरी फटी होत्या. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवीला विमा मिळाला. मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँका तर १ मार्च १९६६ पर्यंत बँकिंग कायद्याच्या बाहेरच होत्या. आत आल्या तरी दोन धनी राहिले: पैशाच्या कारभारावर रिझर्व्ह बँक, संस्थेच्या कारभारावर सहकार खातं. याच सांध्यातून पेणसारखी पडझड होते.

पेण, सप्टेंबर २०१०

पेणला आठ-नऊ महिने गणपती घडतात. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत कारखान्यांतून मातीचा, रंगाचा वास येत असतो. आखणीवाले मूर्तीचे डोळे काढतात तेव्हा श्वाससुद्धा हळू घेतात. मूर्ती गेल्या की पैसा येतो. वर्षाची कमाई हंगामाच्या शेवटी हाती पडते आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची असते. पापड-पोह्यांच्या घरगुती धंद्याचंही तसंच. अशा पेठेत गावची सहकारी बँक म्हणजे घरातलं कपाट.

२०१० मध्ये गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेनं पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले. सकाळी शाखांपुढे माणसं जमली. हातात पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, कुणाकडे लग्नाची पत्रिका, कुणाकडे इस्पितळाचा कागद. पैसे मिळत नव्हते. बँक अफवेनं बुडाली नव्हती, आतून पोखरली गेली होती. बोगस कर्जखाती उघडून सुमारे ६०० कोटी रुपये बाहेर गेल्याचं तपासात पुढे आलं. ठेवीदार होते दोन लाखांच्या घरात.

इथे ठेव विमा कामाला यायचा, पण १ मे १९९३ पासून त्याची मर्यादा एक लाखावरच अडकून होती. निवृत्तीची रक्कम ठेवलेला मास्तर, जमीन विकून पैसे ठेवलेला शेतकरी यांना एक लाख म्हणजे दुधाची तहान ताकावर. ठेवीदारांनी संघर्ष समिती उभी केली, मोर्चे काढले, मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढली. म्हाताऱ्या ठेवीदारांनी वर्षानुवर्षं तारखा मोजल्या. काहींची वाट बघण्यातच अखेर झाली. बँक बुडाली की पहिल्यांदा पैसा जातो. पण गावात एकमेकांना जामीन राहायची, ‘अमक्याची बँक आहे, ठेव बिनधास्त’ असं सांगायची जी रीत असते, ती गेली की लवकर परत येत नाही.

त्यानंतर काय बदललं

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी खात्यामागे फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. तेव्हा कुठे देश हलला. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा हात बळकट करणारी दुरुस्ती झाली. २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद केली. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा बहुतांश ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्याच्या कक्षेत बसत होती. पेणकरांना हे भाग्य नव्हतं.

महाड-पोलादपूरच्या वाचकांनी यातून दोन गोष्टी मनात पक्क्या कराव्यात. पाच लाखांचं संरक्षण एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखांतल्या ठेवी आणि व्याज मिळून असतं. आणि हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दोघांच्या पाट्या शेजारी असतात, काउंटर सारखे दिसतात, माणसंही ओळखीची असतात, तरी हा फरक आयुष्याच्या पुंजीएवढा मोठा आहे. व्याज एक टक्का जास्त ऐकलं की आधी हा प्रश्न विचारावा. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. सहकार म्हणजे सभासदानं वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद मागणं. तो मागणारे कमी झाले की पोखरणाऱ्यांना रान मोकळं मिळतं.

पुढच्या वेळी रायगडाला जाताना नात्याला दोन मिनिटं थांबा. कायद्याचं जे कुंपण या गावच्या मुलानं उभं राहताना पाहिलं, उभं राहायला हात लावला, त्याची दुरुस्ती अजून चालूच आहे. ती कधी पुरी होते याची वाट न बघता प्रत्येक कारकुनाला, प्रत्येक संचालकाला एक गोष्ट आजच करता येईल. काउंटरपलीकडून ‘सगळं आहे ना, बाळा?’ असं कुणी विचारलं, तर ‘आहे, आजी’ म्हणताना ते खरंच असायला हवं.