तेलसाठा : ७४ दिवसांचा दिलासा किती खरा?

आखातात तणाव वाढला की संसदेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : देशाकडे किती दिवसांचे तेल आहे? पेट्रोलियम मंत्रालयाच्या लेखी उत्तरांत गेली काही वर्षे ७४ दिवस हाच आकडा आढळतो. सामरिक साठ्याचे साडेनऊ आणि तेल कंपन्यांचे साडेचौसष्ट, अशी ही बेरीज. आकडा वृत्तपत्रांत छापून येतो आणि विषय तेथेच मिटतो. वास्तविक हे उत्तर साठवणक्षमतेचे आहे. टाकी केवढी आणि टाकीत तेल किती, हे दोन प्रश्न वेगळे असून संकटकाळी दुसऱ्याचेच उत्तर उपयोगी पडते.

इराकने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेलाचे दर भडकले, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये देशावर सोने गहाण टाकण्याची वेळ आली. त्या अनुभवानंतर वाजपेयी सरकारच्या काळात सामरिक साठ्याच्या कल्पनेने आकार घेतला. त्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडकांच्या पोटात कोठारे खोदण्यात आली. त्यांची एकूण क्षमता ५३ लाख ३० हजार टन आहे. साडेनऊ दिवसांचा हिशेब २०१९-२० मधील मागणीवर आधारलेला आहे. कोठारे तेवढीच राहिली आणि खप वाढला. म्हणजे दिवस कमी झाले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बंधनकारक असतो. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी सदस्य असल्याने त्याला हे बंधन लागू नाही.

कोठारे भरण्याचा निर्णय तांत्रिक कमी आणि राजकीय अधिक असतो. एप्रिल-मे २०२० मध्ये करोनामुळे दर कोसळले असता सरकारने सुमारे १६७ लाख पिंपे तेल सरासरी १९ डॉलर दराने घेऊन ही कोठारे भरली. त्यातून सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचल्याचे सरकारने नंतर सांगितले. याउलट २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तेलखरेदीसाठी ठेवलेले पाच हजार कोटी रुपये त्या वर्षी वापरले गेले नाहीत. खरेदी लांबणीवर पडली. अर्थ खात्याची बाजू समजण्याजोगी आहे. जमिनीखाली ठेवलेला पैसा ना व्याज देतो, ना मते. त्यात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. स्वस्ताई मात्र कोणत्याही महिन्यात येते आणि थोड्याच आठवड्यांत ओसरते.

दरम्यान, वाहतुकीचे गणितही बदलले आहे. आखातातून निघालेले जहाज पश्चिम किनाऱ्यावर आठवड्याच्या आत पोहोचते. युक्रेन युद्धापूर्वी नगण्य असलेला रशियाचा वाटा २०२३-२४ पर्यंत आयातीच्या एक तृतीयांशावर गेला. बाल्टिक किंवा काळ्या समुद्रातील बंदरांतून येणाऱ्या तेलाला कित्येक आठवडे लागतात. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग धरला. माल किती दिवसांत येतो याची सरासरी साठा ठरवताना पुरेशी नसते. तो किती उशिरा येऊ शकतो हे पाहावे लागते. पुरवठ्याचा मार्ग लांबला आणि बेभरवशाचा झाला की साठा वाढवणे क्रमप्राप्त ठरते. स्वस्त रशियन तेलाने आयातीच्या बिलात सवलत मिळाली. साठवणक्षमता मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ओडिशातील चंडीखोल व कर्नाटकातील पादूर येथे मिळून ६५ लाख टनांच्या दुसऱ्या टप्प्याला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती जुलै २०२१ मध्ये. त्यात खासगी भांडवलाचा सहभाग अपेक्षित आहे.

सर्वांत नाजूक बाजू कच्च्या तेलाची नसून स्वयंपाकाच्या गॅसची आहे. देशात रोज सरासरी ८५ हजार टन गॅस खपतो, त्यातील सुमारे ६० टक्के आयात होतो आणि ही आयात मुख्यत्वे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत आली आहे. विशाखापट्टणमच्या भूगर्भीय गॅसकोठाराची क्षमता ६० हजार टन, तर मंगळूरच्या कोठाराची ८० हजार टन. दोन्ही तुडुंब भरली तरी दोन दिवसांचा खप भागत नाही. जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेने ही सामुद्रधुनी बंद करण्यास अनुकूलता दर्शवली, तेव्हा दिल्लीत सर्वाधिक चर्चा कच्च्या तेलाच्या दराची झाली. वस्तुतः कच्चे तेल रशिया, आफ्रिका वा अमेरिकेतून आणता येते; रिकाम्या सिलिंडरला मात्र महिनाभराने पोहोचणाऱ्या जहाजाची वाट पाहता येत नाही.

साठा वापरण्याचे निकषही तितकेच महत्त्वाचे आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेसह काही देशांच्या जोडीने भारताने ५० लाख पिंपे तेल खुले करण्याचे जाहीर केले. देशाच्या जेमतेम एका दिवसाच्या गरजेइतके हे प्रमाण होते आणि निमित्त टंचाईचे नव्हे, चढ्या दरांचे होते. महागाई आणि टंचाई यांसाठी एकच साठा वापरायचा असेल, तर निवडणुकीच्या वर्षात त्याचे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून खासदारांनी मंत्र्यांना यापुढे तीन गोष्टी विचारायला हव्यात : आज कोठारांत प्रत्यक्ष किती तेल आहे, गॅसचा साठा किती दिवस पुरेल आणि कोणत्या परिस्थितीत तो खुला करायचा हे कोण ठरवणार. या तिन्हींची लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत ७४ हा आकडा रिकाम्या टाकीलाही तितकाच लागू पडत राहील.