न लिहिलेली किंमत

मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा अशी रत्नागिरीची ओळख कित्येक वर्षे होती. बोलण्यात थोडा उपहास असे, पण खोटे काही नव्हते. भात पावसाच्या भरवशावर, आंबा मोहराच्या आणि घर मुंबईतल्या चाकरमान्याच्या. लालबाग-परळच्या गिरणीतला माणूस पगार झाला की पोस्टाच्या रांगेत उभा राही आणि इकडे पाणंदीकडे डोळे लागत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, त्याची झळ गिरणगावाइतकीच इथल्या वाड्यांना लागली ती याच वाटेने.

पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. तिची खरी खुबी साधी होती. तिच्यात पैसा प्रवास करीतच नसे. परळच्या खिडकीत भरलेल्या नोटा तिथेच राहत. गावी जाई तो नुसता हुकूम. वाटेत थैली गहाळ झाली तर कागद हरवे, रक्कम नव्हे. पैसे हाती पडताना सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेतला जाई आणि ती पोच पाठवणाऱ्याकडे परत येई. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असे. "म्हशीला औषध आणा, फी भरा, गणपतीला येतो." एवढ्यात संसार मावे.

त्याहून जुनी युक्ती व्यापाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात ते मोठी नोट मधोमध कापीत आणि एक अर्धी टपालाने पाठवीत. ती पोचल्याचे पत्र आले की मगच दुसरी निघे. चोराच्या हाती अर्धी लागली तरी त्याला तिचा उपयोग नाही. टपालावर भरवसा ठेवतानाही तो किती आणि कसा ठेवायचा, याचे गणित त्या माणसांनी मांडले होते.

मग पाकिटात नोट लपवण्याची सवय कुठून आली? कमिशन वाचवण्यातून. अलीकडच्या काळात वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शंभराला पाच, असा मनीऑर्डरचा दर होता. ते पाच रुपये वाचवण्यासाठी नोट पत्राच्या घडीत जाई. उजेडात दिसू नये म्हणून कुणी कार्बन पेपरात गुंडाळी, कुणी लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवी. राखीच्या पाकिटात तर ओवाळणी आणि आशीर्वाद एकाच घडीत. गंमत अशी, की चोराची बोटे ही घडी चाचपून ओळखतात. लपवलेली वस्तू दिसत नाही ती फक्त कायद्याला.

कायदा याबाबतीत पहिल्यापासून स्पष्ट आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने वस्तू हरवली, उशिरा पोचली किंवा खराब झाली तर सरकार जबाबदार नाही, असे सांगितले. अपवाद फक्त सरकारने स्वतःहून पत्करलेल्या जबाबदारीचा. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. त्याचाही सूर तोच आहे. नोटा किंवा सोने पाठवायचे तर विमा उतरवलाच पाहिजे, हा पोस्टाचा जुना दंडक. विम्याच्या पाकिटावर लाखेची मोहोर लागे, किंमत अंकी आणि अक्षरी लिहिली जाई, वजन नोंदले जाई. घेणाऱ्याने सील आणि वजन पाहून मग सही करायची. रजिस्टर टपालाची गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. त्याची पावती पाकीट दिल्याचा पुरावा होती, पाकिटात काय होते याचा नव्हे.

बँकेत होतो तेव्हा एक म्हातारी काउंटरवर येऊन विचारायची, "साहेब, मुलाने पाकिटातून पाचशे पाठवले म्हणतो, ते तुमच्याकडे येतात काय?" मुलगा खोटे बोलत नव्हता, म्हातारीही नव्हती. पण पैसे कुठे गेले याचा कागदाचा एक चिटोराही नव्हता. शेवटी तिने पोस्टमनच्या घरच्यांशी बोलणे सोडले. त्याने घेतले असतील किंवा नसतील. आपण निर्दोष आहोत हे तो सिद्ध तरी कसे करणार? हरवलेल्या पैशाचा हिशेब कधीतरी मिटतो. संशयाचा मिटत नाही. तो वाडीत राहतो, विहिरीवर जातो, लग्नाच्या पंगतीत बसतो.

रत्नागिरीला याचे राजेशाही उदाहरण ठाऊक आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे नजरकैदेत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. १८८५ मध्ये मंडाले पडले, तेव्हा आपले विख्यात न्गामौक माणिक कर्नल स्लेडनकडे सुरक्षित ठेवायला दिले, असे त्याचे म्हणणे होते. रत्नागिरीतून त्याने त्याची मागणी केली. माणिक मिळाले नाही. राजाचा शब्दही पावतीची जागा घेऊ शकला नाही, तिथे आपली काय कथा?

आता काळ बदलला. २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आली, २०१५ मध्ये जुनी कागदी बंद झाली. मोबाइलवरून पैसे क्षणात जातात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून पोस्टमन दारात येऊन बोटाच्या ठशावर खात्यातले पैसेही देतो. अंगठा तोच, साक्षीदार तेवढा यंत्र झाला. तरीही रात्रीच्या गाडीने निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे लेकीच्या बांगड्या पुडीत बांधून देणे थांबलेले नाही. आंब्याच्या पेटीत सोन्याची साखळी ठेवून कुरिअरवाल्याला "फक्त आंबे" असे सांगणारेही आहेत.

आपल्याकडे किंमत उच्चारायची लाज वाटते. पावती मागितली तर समोरच्याला राग येईल, ही भीती. खरे तर पावती दोघांची राखण करते. देणाऱ्याची वस्तू आणि नेणाऱ्याचे नाव. तेव्हा पैसे पाठवायचे तर खात्यात पाठवावेत, दागिना पाठवायचाच तर किंमत सांगून, विमा उतरवून पाठवावा. आणि कुणाच्या हाती पुडी द्यायची असेल, तर आत काय आहे ते त्याला दाखवून, कागदावर दोन ओळी लिहून द्यावी. ओझे वाहणाऱ्याला ते किती मोलाचे आहे हे कळण्याचा हक्क आहेच.