‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ची मोहिनी

अमेरिकेतील घोडेस्वारांच्या चित्रपटांची एक ठरावीक घडण असते. दोन तुल्यबळ माणसे, एक गाव, आणि शेवटी समोरासमोर होणारी गाठ. ‘हाय नून’ (1952) पाहणाऱ्याला शेवट बहुधा ठाऊक असतो. तरीही घड्याळाचे काटे बाराकडे सरकू लागले की तो श्वास रोखतो. तंजावरच्या भूमीने याच जातीचा एक खेळ तमिळ चित्रपटसृष्टीला दिला. त्यात पिस्तुलाच्या जागी नादस्वरम् आहे आणि उत्तर दिले जाते ते घुंगरांनी. ए. पी. नागराजन यांचा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ 1968 साली प्रदर्शित झाला. त्याची मोहिनी अजूनही ओसरलेली नाही.

कोत्तमंगलम् सुब्बु यांनी ‘कलैमणि’ या टोपणनावाने ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात लिहिलेली कादंबरी हा त्याचा आधार. सिक्कलचा षण्मुगसुंदरम् हा नादस्वरम्-वादक आणि तिरुवारूरची मोहना ही नर्तकी. सिक्कल आणि तिरुवारूर ही दोन्ही गावे त्या काळी तंजावर जिल्ह्यातच होती; पुढे नागपट्टिणम् (1991) आणि तिरुवारूर (1997) हे जिल्हे वेगळे झाले. कथा अगदी साधी आहे. दोघे एकमेकांवर प्रेम करतात, परंतु कोणीही माघार घेण्यास तयार नाही. माझ्या वादनावर तुला नाचता येईल का, असे आव्हान तो देतो आणि ती ते स्वीकारते. मराठी वाचकाला येथे जयश्री गडकरांचा ‘सवाल माझा ऐका’ (1964) आठवल्यावाचून राहणार नाही. फडावरचा सवाल-जबाब आणि मंदिराच्या अंगणातील ही चढाओढ एकाच कुळातील आहेत.

मात्र या चढाओढीच्या तळाशी केवळ प्रेमिकांचा रुसवा नाही. नादस्वरम् वाजविणारी, तविल हे तालवाद्य वाजविणारी आणि देवळात नृत्य करणारी घराणी बहुतांशी एकाच इसै वेळ्ळाळर समाजातील. देवळातील कोणताही उत्सव त्यांच्यावाचून पार पडत नसे, पण मान देताना समाजाचा हात आखडत असे. देवदासी म्हणून मुलींना देवाला वाहण्याची प्रथा मद्रास इलाख्यात 1947 च्या कायद्याने बंद झाली. तरीही नर्तकीला कोणीतरी धनिक आश्रयदाता हवाच, ही समजूत कायद्याच्या एका फटकाऱ्याने जाणार नव्हती. चित्रपटातील मोहनेची आई वडिवाम्बाळ नेमकी याच समजुतीने वागते. तिला केवळ खलनायिका मानणे अन्यायाचे होईल. आयुष्यभर जे पाहिले त्याचाच हिशेब ती मांडत असते. मुलीला मात्र तो हिशेब मान्य नाही.

नायकाचा अभिमानही असाच समजून घ्यावा लागतो. आरंभीच फटाक्यांच्या आवाजाने वादनात व्यत्यय येतो आणि तो वाद्य खाली ठेवून उठून जातो. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै (1898–1956) यांनी नादस्वरम्-वादकाच्या प्रतिष्ठेसाठी जो ताठा दाखविला, त्याची आठवण हा प्रसंग पाहताना अनेकांना होते. शिवाजी गणेशन यांनी वाद्य ओठांना लावल्यावर गालांची फूग, मानेच्या शिरा आणि तान संपल्यावर डोळ्यांत उतरणारी तृप्ती असे काही दाखविले आहे की, प्रत्यक्ष वादन मदुरैच्या सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंचे आहे हे विसरायला होते. पद्मिनींना ‘जिस देश में गंगा बहती है’मुळे मराठी प्रेक्षक ओळखतात, परंतु त्यांच्या नृत्याची खरी उंची येथे दिसते. नागेश यांचा कावेबाज वैदी आणि मनोरमांची जिल जिल रमामणी यांच्यामुळे चित्रपट कोठेही जड होत नाही. (रमामणीची भूमिका तशी छोटी, पण ती गेली की पडदा क्षणभर रिकामा वाटतो.) उत्तरार्धातील कारस्थानांची गर्दी मात्र थोडी कमी असती तर बरे झाले असते. के. व्ही. महादेवन यांच्या संगीताने सजलेल्या या चित्रपटाला उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, छायालेखक के. एस. प्रसाद यांचाही गौरव झाला.

तिल्लाना हा नृत्यप्रकार उत्तरेच्या तराण्याशी नाते सांगतो, आणि भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमात तो अखेरीस येतो. हा क्रम आखून देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे बंधू दुसऱ्या सरफोजी राजांच्या (1798–1832) पदरी होते. याच राजांच्या काळी तंजावरच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्ये रुळली. चित्रपटात षण्मुगसुंदरम् नादस्वरावर इंग्रजी वळणाची चाल वाजवितो, तो प्रसंग अनेकांना निव्वळ गंमत वाटतो. तंजावरचा इतिहास जाणणाऱ्याला त्यात फारसे नवल वाटणार नाही.

स्पर्धा संपते तेव्हा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ ही पदवी मोहनेला देतो तो प्रतिस्पर्धीच. कोण जिंकले हे चित्रपट सांगत नाही, आणि पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला त्याची गरजही भासत नाही. 1989 साली गंगै अमरन यांनी ‘करकाट्टक्कारन’मध्ये हाच साचा डोक्यावर कळशी घेऊन नाचणाऱ्या करगाट्टम् कलावंतांना लावला आणि तोही चित्रपट तुफान चालला.

शिवाजी गणेशन यांचे नावदेखील मराठी इतिहासातून आले. अण्णादुरै यांच्या नाटकातील शिवाजी महाराजांची भूमिका पाहून पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. 1989 मध्येच त्यांनी तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु येथून, म्हणजे त्यागराजांच्या समाधीच्या गावातून, विधानसभेची निवडणूक लढविली. षण्मुगसुंदरम्‌ला डोक्यावर घेणाऱ्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. चित्रपट मात्र ते पाहतच राहिले.