मंद प्रकाशातील छायाचित्रण

मंद प्रकाशातील छायाचित्रण : अल्प प्रकाशात कृत्रिम झोत न वापरता केलेले छायाचित्रण. नाशिकच्या पंचवटीतील रामकुंडावर सायंकाळी गोदावरीत सोडलेल्या दिव्यांचे छायाचित्र हे याचे उदाहरण होय. तेजस्वी ज्योत व काळोखे पाणी या दोहोंचा तपशील एकाच चित्रात टिपणे, हा यातील मुख्य प्रश्न असतो.

फिल्मवरील रजत हॅलाइडाच्या स्फटिकावर प्रतिमा उमटण्यासाठी अनेक प्रकाशकण थोड्या अवधीत पडावे लागतात. ते सावकाश आल्यास अगोदरचा परिणाम अंशतः नाहीसा होतो. त्यामुळे दीर्घ उद्भासनात फिल्मची संवेदनक्षमता घटते. अंकीय कॅमेऱ्यातील सिलिकॉन संवेदकात मात्र प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत् भार साठत जातो. सीसीडी हा असा संवेदक बॉइल व स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला.

संवेदकाची भार साठविण्याची मर्यादा संपताच ज्योत निव्वळ पांढरी उमटते. निगेटिव्ह फिल्मची घनता तेजस्वी भागात हळूहळू स्थिरावत असल्याने तिच्यावर ज्योतीच्या छटा अधिक टिकतात. म्हणून अंकीय कॅमेऱ्यात उद्भासन ज्योतीनुसार, तर निगेटिव्ह फिल्मवर छायेनुसार ठरविणे इष्ट असते.

तिपाईमुळे कॅमेरा स्थिर राहतो, पण वाहता दिवा नव्हे. त्यासाठी उद्भासन अल्पच ठेवावे लागते. अशा वेळी वेगवान फिल्मवर स्थूल कण दिसतात. अंकीय चित्रातही संकेत वाढविल्याने ठिपके दिसतात. तथापि आधुनिक संवेदक पडलेल्या प्रकाशाचा फिल्मपेक्षा बराच मोठा अंश उपयोगात आणीत असल्याने काळोखातील तपशील त्यांत अधिक मिळतो.