नोंदवही आधी वर न्या

२०१५च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. अड्यार नदीचं पाणी सैदापेठ, जाफरखानपेठ, कोट्टुरपुरमच्या घराघरांत शिरलं. कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, म्हणून १८७८पासून निघणाऱ्या ‘द हिंदू’चा अंक एक दिवस छापला गेला नाही. अशा आपत्तीनंतर गावाचं ग्रंथालय पुन्हा कसं उभं राहतं, त्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. चेन्नईबद्दल वाचता वाचता मन सारखं चिपळूणकडे धावत होतं.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, गावाच्या तोंडी ‘लोटिस्मा’, १८६४ सालचं. २०१३चं साहित्य संमेलन याच संस्थेनं भरवलं. वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पुरानं तिला २००५च्या जुलैत गाठलं आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा.

पुस्तक भिजतं म्हणजे काय होतं, हे जवळून समजून घ्यावं असं आहे. कागद पाणी पितो आणि फुगतो. फळीवर दाटीनं लावलेली पुस्तकं एकमेकांवर इतकी रेटतात की एकही बाहेर ओढता येत नाही. ओढलं तर पुठ्ठा हातात येतो. आर्ट पेपरवरच्या चित्रांची पानं सर्वांत नाजूक. त्यांच्यावरचा गुळगुळीत लेप पाण्यानं चिकट होतो, आणि ती ओली असतानाच सुटी केली नाहीत तर वाळून त्यांची वीट बनते. दोन दिवसांत बुरशी धरते. एरवी पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवता येतं, पण कोकणातला जुलै, हवेत ओल आणि पुरानंतर वीज गेलेली. १९६६च्या पुरानंतर फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं जगभरातून आलेल्या तरुणांनी चिखलातून उपसली. ग्रंथसंवर्धनाचं आजचं शास्त्र बरंचसं तिथे घडलं. भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवली की बुरशी थांबते, हेही आता ठाऊक आहे. पण हजारो पुस्तकं मावतील एवढं शीतगृह तालुक्याच्या गावी आयत्या वेळी कुठून आणायचं?

पुस्तकांइतकीच मला काळजी वाटते ती दाखल नोंदवहीची. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात क्रमांक मिळतो. लेखक, प्रकाशक, किंमत, कुणाकडून आलं, सगळं एका ओळीत. ही वही बुडाली तर काय बुडालं हेच सांगता येत नाही. वाचली तरी अडचण संपत नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकापुढे दीड रुपया लिहिलेला असतो. आज ते कुठेही मिळत नाही. मग नुकसानीच्या रकान्यात काय भरायचं? पूर ओसरला की लोक आपुलकीनं पुस्तकं पाठवतात. त्या आपुलकीचं मोल मोठं आहे, पण गठ्ठे सोडले की त्याच गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती निघतात. गेलेली असतात जुन्या मासिकांची बांधीव वर्षं आणि स्थानिक लेखकांची एकुलती प्रत.

पुढचा प्रश्न पैशाचा, आणि इथे चेन्नईकडे पुन्हा पाहावं लागतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या खटपटीतून १९४८मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर आला. वसुली झालेला पैसा ग्रंथालयांकडे वेळेवर पोहोचत नाही, ही तिथली जुनी तक्रार. तरी हक्काचा झरा आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात उपकर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग, त्यानुसार अनुदान, बाकी वर्गणी आणि देणग्या. गावच बुडालं असेल तर वर्गणीदार आणि देणगीदार आधी आपलं दुकान उपसतात, आणि ते योग्यच आहे. ग्रंथालयाचे कर्मचारी तुटपुंज्या पगारावर गाळ काढतात. त्यांचंही घर त्याच पाण्यात असतं.

पुस्तकं वरच्या मजल्यावर न्या, हा सल्ला सोपा. पुस्तकांचं वजन प्रचंड असतं. जुन्या इमारतीचा मजला ते पेलेल का, हे आधी अभियंत्याला विचारावं लागतं, आणि वृत्तपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही. इमारत गावाबाहेर उंचावर हलवली तर रोजचा वाचक तुटतो. म्हणून निदान दोन कामं पुढच्या पावसाळ्याआधी सरकारनं स्वतःच्या खर्चानं करावीत: पूररेषेतल्या प्रत्येक ग्रंथालयाची दाखल नोंदवही स्कॅन करून प्रत दुसऱ्या जिल्ह्यात ठेवावी, आणि त्यानंतर दुर्मिळ पुस्तकांचं स्कॅनिंग हाती घ्यावं.