परमुलखातील माणसे : लेखांक सहावा – पाहुणेपण नाकारणारा माणूस

गेल्या लेखांकात ज्या खलाशांची हकिकत दिली होती, ते २३ भारतीय खलाशी ‘जग आनंद’ या जहाजावर जून २०२० पासून जानेवारी २०२१ पर्यंत चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून अडकून पडले होते. देश समोर होता, परंतु त्याच्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा हुकूम त्यांना नव्हता. किनारा दिसणे आणि किनाऱ्याला लागणे या दोहोंतील अंतर कफ परेडच्या मच्छीमार नगरातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आज अशा एका मराठी माणसाविषयी लिहावयाचे आहे, जो त्या किनाऱ्याला लागला, सव्वाचार वर्षे तेथील लोकांत राहिला आणि ज्याने तेथेच देह ठेवला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. पण परकीय म्हणून त्यांना काय काय ओलांडावे लागले, याचा विचार आपण फारसा केलेला नाही, आणि या लेखमालेला कर्तव्य आहे ते नेमके त्याच्याशी.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले, त्यानंतर आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन करून निधी उभा केला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस, जे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले होते आणि ज्यांनी वयाची २८ वर्षेही अद्याप पुरी केली नव्हती. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून रवाना झाले. त्याच महिन्यात कँटनला पोहोचल्यावर खुद्द सुन् यत्-सेन यांच्या विधवा पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले.

चिनी समाजात राहणाऱ्या परकीयाची पहिली अडचण, माझ्या मते, या स्वागतातच असते. अवमानाला तोंड कसे द्यावे हे माणूस शिकून घेतो. सन्मानाला तोंड देणे त्याहून अवघड, कारण सन्मान मनापासूनचा असतो आणि तो झिडकारण्यात कृतघ्नता होते. पाहुण्याला उच्चासन मिळते, पंक्तीत उत्तम पदार्थ त्याच्या पुढ्यात येतात, त्याच्या चुका कोणी दाखवीत नाही. आणि जिच्या चुका कोणी दाखवीत नाही त्या व्यक्तीवर कोणी विसंबतही नाही. वर्षानुवर्षे चीनमध्ये राहून, सर्वांशी गोड बोलून, अखेर आपण दिवाणखान्यापलीकडे गेलोच नाही, अशी खंत घेऊन परतणारे परदेशी थोडे नाहीत. त्यांतील कित्येकांनी दोष चिनी माणसाच्या दुराव्याला दिला आहे. मला तो निवाडा एकांगी वाटतो. दिवाणखान्यातील सुखासन सोडण्याची तयारी त्यांच्यापैकी कितीजणांनी दाखवली, हेही विचारले पाहिजे.

कोटणिसांनी ती दाखवली. पथक राष्ट्रवादी सरकारच्या मुलखातून मजल दरमजल करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये साम्यवाद्यांच्या येनानला पोहोचले. तत्पूर्वी चुंगकिंगच्या मुक्कामी सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली होती, आणि घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकेल? ते परतले नाहीत. येनानला डोंगराच्या मातीत कोरलेल्या गुहांत बिऱ्हाड होते, अंगावर कापूस भरलेला जाड गणवेश आणि ताटात बहुधा राळ्याचा भात. ज्वारीच्या मुलखातून आलेल्या माणसाला भरडधान्याचे वावडे नसावे. पण शून्याखाली उतरणारा उत्तरेतील हिवाळा आणि तो संपण्याची वाट पाहणे हे मात्र सर्वस्वी नवे होते. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले, पुढे अटलही गेले. बसू आणि कोटणीस तेवढे मागे राहिले.

या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग भाषेचा आहे, आणि तोच लोकांच्या स्मरणातून सर्वाधिक निसटलेला आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये परळच्या राजकमलमधून ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व कोटणिसांचे नाव घरोघरी नेले, हे त्यांचे उपकार विसरण्याजोगे नाहीत. तथापि त्या बोलपटात चिनी शेतकरी, सैनिक आणि परिचारिका सारेच हिंदीत बोलतात, आणि ती सोय प्रेक्षकांसाठी अपरिहार्य असली तरी तिच्यामुळे कोटणिसांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ परिश्रम पडद्यावरून नाहीसा झाला. स्वरांच्या चढउतारावर अर्थ पालटणारी, वर्णमाला नसलेली, हजारो चिन्हे एकेक करून पाठ केल्यावाचून वाचता न येणारी ती भाषा; त्यातही जखमी म्हणून समोर येणारा जवान खेड्यातला, त्याची बोली पुस्तकी चिनीहून निराळी. कॅनडाचे विख्यात शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून उत्तर चीनच्या आघाडीवर काम करीत असताना दुभाष्यावर अवलंबून होते आणि तरीही त्यांनी अद्वितीय सेवा केली. नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने त्यांचा अंत झाला. कोटणिसांनी दुसरा मार्ग धरला. ते चिनी बोलू लागले, लिहू लागले, मग विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले आणि अखेरच्या काळात त्या विषयाचे पाठ्यपुस्तकही चिनीत लिहीत होते. वर्गात उभ्या राहिलेल्या परकीय शिक्षकाच्या उच्चारांना विद्यार्थी हसणार, हे गृहीतच धरावे लागते. ते हसू सोसण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच चुका लोक दुरुस्त करू लागतात, आणि जिथे चुका दुरुस्त होऊ लागतात तिथे पाहुणेपण संपू लागते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नियुक्ती झाली. ‘रुग्णालय’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर परळच्या के. ई. एम.सारखी इमारत उभी राहील. येथे तसे काही नव्हते. शत्रूची चाल कळताच खाटा, हत्यारे आणि रोगी खेचरांवर व माणसांच्या खांद्यांवर घालून दुसऱ्या गावी हलवावयाचे, शेतकऱ्यांच्या घरांत पुन्हा मांडामांड करावयाची. औषधांची नाकेबंदी होती ती वेगळीच. अशा संस्थेचा कारभार परदेशी माणसाच्या हाती देणे यात शोभेचा भाग असूच शकत नव्हता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी तेथील परिचर्याशिक्षिका ग्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिन्-ह्वा, ज्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले होते. त्यांना अपस्माराचा विकार होता, आणि त्याचे झटके मात्र वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, होपे प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. शिज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच मुलगा १९६७ मध्ये वारला. छिंग-लान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि सोलापूर-मुंबईच्या सासरशी त्यांचे जाणेयेणे राहिले.

परकीयाची कसोटी चीनच पाहतो, असा समज येथे होऊ नये. माझगावात चिनी खलाशांच्या वस्तीने १९१९ मध्ये बांधलेले देऊळ आजही उभे आहे. आणि १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच देशाने, मुख्यतः आसाम व बंगालमधील, कित्येक पिढ्या येथे राहिलेल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबले होते. दोन राष्ट्रांचे बिनसले की शेजाऱ्याचा परका व्हायला एक सरकारी कागद पुरतो, ही गोष्ट हिमालयाच्या दोन्ही बाजूंना सारखीच खरी ठरली.

आजचा चीन कोटणिसांचा चीन नाही, हे उघड आहे. त्या काळी युद्धाने माणसांना जवळ आणले होते, दप्तरे आणि शिक्के दुय्यम होते. आता कायदा प्रथम भेटतो. हॉटेलाबाहेर मुक्काम करणाऱ्या परकीयाने २४ तासांच्या आत पोलीस चौकीत आपली नोंद करावयाची असते. चिनी नागरिकत्व घेणाऱ्याला दुसरे नागरिकत्व ठेवता येत नाही. २०२० च्या जनगणनेत मुख्य भूमीवर ८,४५,६९७ परदेशी नागरिक मोजले गेले. दहा हजारांमागे सहा, असे हे प्रमाण पडते. म्हणजे मोठी शहरे सोडली तर असंख्य चिनी माणसांनी परदेशी व्यक्तीशी आयुष्यात एक शब्दही बोललेला नसतो, आणि रस्त्यात रोखून पाहणाऱ्या नजरांचा अर्थ पुष्कळदा तेवढाच असतो.

या सहांमध्ये आपली मुलेही आहेत. महासाथीपूर्वी २३,००० हून अधिक भारतीय विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकाचे होते. ज्या देशात आपला डॉक्टर शिकवावयास गेला, तेथे आता आपली मुले शिकावयास जातात. तेथील अभ्यासक्रम इंग्रजीतून असल्याची जाहिरात पाहून पालक निश्चिंत होतात, पण वॉर्डातल्या खाटेवरील आजीबाईंना इंग्रजी येत नाही. दुखते कुठे, केव्हापासून, हे त्यांना त्यांच्या भाषेत विचारता आले नाही, तर रुग्णपरीक्षेचे शिक्षण दाखल्यापुरतेच उरते. रुग्णांशी बोलता यावे म्हणून चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी गाठण्याची अट तेथे घातली जाते. ती मुलांना जाचक वाटते, आणि मला ती संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत हितकर अट वाटते. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी वसतिगृहाची छायाचित्रे बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत : भाषेचे अध्यापन पहिल्या वर्षापासून आठवड्यात किती तास होते, आणि मुलगा रुग्णासमोर प्रत्यक्ष कोणत्या वर्षी उभा राहतो?

निवासाचा परवाना, त्याचे नूतनीकरण आणि पोलीस चौकीतील नोंद यांची तजवीज कशी करावी लागते, ते पुढील लेखांकात पाहू.