अवग्रह : जागा मागून घेण्याचा आचार

साधू-साध्वी कोणत्याही जागी उतरण्यापूर्वी तिच्या स्वामीची अनुज्ञा मागतात. आगमांत यास ‘अवग्रह’ म्हटले असून आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात त्यावर स्वतंत्र अध्ययन आहे. अवग्रहाच्या पाच प्रकारांत राजाचा अवग्रहही येतो. न दिलेले घेणे हे अदत्तादान. मग ती वस्तू असो वा जागा.

चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणकानिमित्त, सार्वजनिक उद्यानात मंडप घालणाऱ्या संघालाही हाच न्याय लागू पडतो. उद्यान साऱ्या नगराचे; महानगरपालिका त्याची राखणदार. म्हणून जागेसाठी पालिकेची आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी आधीच घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो; तेथील रुग्णाची झोप हाही अहिंसेचाच विषय आहे.

पेढीवर दुसऱ्याचा माल न विचारता हातीही न धरणारा श्रावक ‘परवानगीचे नंतर पाहू’ म्हणत हिरवळीत खांब रोवतो, तेव्हा त्याच्या अणुव्रताला बाध येतो. अनुज्ञेने घेतलेली जागा मुदतीत, स्वच्छ व जशीच्या तशी परत करावी. तेव्हाच अवग्रह पूर्ण होतो.